कर्बल स्पेस प्रोग्राम: रॉकेट १०० किमी उंच जाते, पण कक्षेत का राहत नाही?

शून्यभार (परभणी)

सर्वांना नमस्कार. सध्या मी संगणकावर ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा अंतराळ-उड्डाणाचा खेळ शिकत आहे. या विषयावर मराठीतून चर्चा करणारी जाणकार मंडळी येथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून लक्षात आले, म्हणून प्रश्न मांडत आहे.

माझे रॉकेट सरळ वर जाते आणि नकाशात ॲपोॲप्सिस, म्हणजे मार्गाचा सर्वांत उंच बिंदू, १०० किमीच्या पुढे दिसतो. खेळातील कर्बिन ग्रहाचे वातावरण ७० किमीवर संपते, त्यामुळे उंची पुरेशी आहे असे वाटते. तेथे पोहोचल्यावर मी रॉकेट आडवे करून इंजिन पुन्हा सुरू करतो. पेरिॲप्सिस, म्हणजे मार्गाचा सर्वांत खालचा बिंदू, मात्र जमिनीच्या खालीच राहतो, इंधन संपते आणि कॅप्सूल परत खाली येते. टाक्या वाढवल्या तेव्हा रॉकेट जड होऊन संथपणे उठू लागले आणि काही किलोमीटरवर उलटले.

रॉकेट आणखी मोठे करावे, की उडवण्याची पद्धत बदलावी? वळण नेमके केव्हा आणि किती घ्यावे? मी करिअर प्रकारात, म्हणजे भाग आणि सुविधा हळूहळू मिळवाव्या लागतात त्या प्रकारात, खेळत आहे.

देवगिरी_निरीक्षक (छत्रपती संभाजीनगर)

शून्यभार, आपण प्रश्न नेमका मांडला आहे आणि त्याचे उत्तर उंचीत नाही, वेगात आहे. हे एकदा आकड्यांत पाहिले की पुढचे सर्व निर्णय सोपे होतात.

कर्बिनची त्रिज्या ६०० किमी आहे आणि पृष्ठभागावरील गुरुत्व पृथ्वीइतकेच, ९.८१ मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर एखादी वस्तू सरळ वर ८० किमीपर्यंत पोहोचवण्यासाठी तिला सुमारे १,१८० मीटर प्रतिसेकंद वेग पुरतो. त्याच ८० किमी उंचीवर वर्तुळाकार कक्षेत राहण्यासाठी मात्र आडवा वेग सुमारे २,२८० मीटर प्रतिसेकंद लागतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वर चढण्याची ऊर्जा ही आडव्या वेगाच्या ऊर्जेच्या जेमतेम चौथा हिस्सा आहे. आपले रॉकेट हा चौथा हिस्सा भरण्यातच बहुतेक इंधन खर्च करते. पृथ्वीवर हे प्रमाण आणखी एकतर्फी आहे: ४०० किमी उंचीसाठी लागणारी ऊर्जा तेथील कक्षेच्या गतिज ऊर्जेच्या साधारण आठव्या भागाइतकीच असते.

देवगिरी किल्ल्यावरची मेंढा तोफ आपण पाहिली असेल. हवा आणि डोंगर बाजूला ठेवून त्या तोफेतून गोळा अगदी आडवा सोडला, असे समजा. पहिल्या सेकंदात तो पाच मीटर खाली येईल. पृथ्वीचा पृष्ठभागही वक्र आहे आणि तो सुमारे ८ किमी अंतरात पाच मीटर खाली झुकतो. म्हणून गोळा एका सेकंदात सुमारे ८ किमी पुढे जात असेल, तर तो जितका पडेल तितकीच जमीन त्याच्याखालून दूर होत राहील, आणि तो पडतच राहील, परंतु जमिनीला कधी टेकणार नाही. न्यूटनने डोंगरावरील तोफेचा जो विचारप्रयोग मांडला, तो हाच. कर्बिन लहान असल्यामुळे तेथे पाच मीटरचा झुकाव साधारण २.४ किमीतच येतो, म्हणून खेळात पृथ्वीच्या तुलनेत बराच कमी वेग पुरतो.

त्यामुळे १०० किमीवर पोहोचून मग आडवा वेग मिळवायला सुरुवात करणे हे खर्चाचे काम आहे. आडवा वेग पहिल्या मिनिटापासून मिळवायला हवा.

बालाघाट (बीड)

देवगिरी सरांनी तत्त्व सांगितलेच आहे, मी व्यवहाराचे सांगतो. ‘मेकजेब’ हे स्वयंचलित उड्डाणाचे मॉड, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायची पुरवणी, घ्यावे, त्यात ८० किमीची कक्षा हवी असे नमूद करावे आणि ते रॉकेट कसे वळवते हे शांतपणे पाहावे. एक उड्डाण नीट पाहिले की हाताने करणे सोपे जाते. मी स्वतः असेच शिकलो.

मांजराकाठ (लातूर)

पद्धतीआधी रॉकेटविषयी बोलू, कारण रॉकेट चुकीचे असेल तर पद्धत कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही. कर्बिनच्या खालच्या कक्षेत पोहोचण्यासाठी सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद इतके डेल्टा-व्ही, म्हणजे रॉकेटने एकूण घडवायचा वेगबदल, लागतो. शिकणाऱ्याने थोडी शिल्लक धरून ४,००० च्या पुढचे रॉकेट बांधावे. त्यासाठी अवाढव्य रचना लागत नाही.

वरच्या टप्प्यात पॅराशूटसह मार्क १ कॅप्सूल, त्याखाली डिकपलर (टप्पे वेगळे करणारा भाग), एक एफएल-टी४०० टाकी आणि टेरियर इंजिन ठेवा. याचे वजन सुमारे ३.७ टन भरते आणि इंधन संपल्यावर १.७ टन उरते. टेरियरचा निर्वात अवस्थेतील विशिष्ट आवेग, म्हणजे इंधन किती काटकसरीने वापरले जाते याचे माप, ३४५ सेकंद आहे. त्सिओल्कोव्हस्कीच्या सूत्रात, म्हणजे वजन आणि आवेगावरून वेगबदल काढणाऱ्या रॉकेट-सूत्रात, हे आकडे घातले की एवढ्याशा टप्प्यातून सुमारे २,६०० मीटर प्रतिसेकंद मिळतात. त्याखाली पुन्हा डिकपलर, तशाच दोन टाक्या आणि स्विव्हल इंजिन. हा खालचा टप्पा निर्वात आकड्यांनुसार सुमारे १,६५० ची भर घालतो. एकूण वजन दहा टनांच्या आत आणि बेरीज ४,२०० च्या वर.

यात दोन गोष्टी मुद्दाम लक्षात घ्याव्यात. पहिली, टेरियर जमिनीजवळ जवळपास निरुपयोगी आहे, तेथे त्याचा विशिष्ट आवेग ३४५ वरून ८५ वर येतो. ते दाट हवेतून बाहेर पडल्यावरच पेटवायचे. दुसरी, स्विव्हल समुद्रसपाटीला सुमारे १६८ किलोन्यूटन बल देते आणि रॉकेटचे वजन ९६ किलोन्यूटनच्या आसपास आहे, म्हणजे बल आणि वजन यांचे गुणोत्तर १.७ च्या पुढे जाते. आपण टाक्या वाढवल्यावर रॉकेट संथ उठू लागले, ते हे गुणोत्तर १ च्या जवळ आल्यामुळे. उभ्या रॉकेटचे इंजिन जळत असताना प्रत्येक सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद वेग केवळ गुरुत्वाशी झगडण्यात जातो. संथ रॉकेट हा दंड अधिक काळ भरत राहते. इंधन वाढवूनही लाभ होत नाही, त्याचे कारण हेच आहे.

पूर्णाथडी (नांदेड)

शून्यभार, सुरुवातीला करिअरऐवजी सँडबॉक्स घ्यावा. करिअरमध्ये नवा वैमानिक फक्त रॉकेट स्थिर ठेवू शकतो, प्रवासाच्या दिशेला नाक धरून ठेवण्याची क्षमता त्याला अनुभवानंतर मिळते. शिवाय मनूव्हर नोड, म्हणजे इंजिन पुढे केव्हा आणि किती जाळायचे हे नकाशावर आधीच आखण्याचे साधन, वापरण्यासाठी ट्रॅकिंग स्टेशन आणि मिशन कंट्रोल या दोन्ही इमारती सुधाराव्या लागतात. सँडबॉक्समध्ये हे सर्व पहिल्या दिवसापासून उपलब्ध असते.

शून्यभार (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. देवगिरी सर, चौथ्या हिश्श्याचे गणित मी वहीत करून पाहिले आणि ते जुळले. मांजराकाठ दादा, आपण सांगितलेले रॉकेट माझ्या आधीच्या रॉकेटपेक्षा पुष्कळच लहान आहे, याचे आश्चर्य वाटले.

सँडबॉक्सची सूचना योग्य आहे, परंतु करिअरमध्येच पहिली कक्षा गाठावी अशी माझी इच्छा आहे. टेरियर मिळवण्याइतके विज्ञान-गुण जमले आहेत. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ‘१० किमीपर्यंत सरळ जा आणि मग ४५ अंश वळा’ असे लिहिलेले दिसते. तसेच करावे का? रॉकेट नेमके तेव्हाच उलटते.

गोदातीर (नांदेड)

तसे करू नये. हा सल्ला एके काळी बरोबर होता, आता नाही, आणि त्याचे कारण खेळाच्या इतिहासात आहे. खेळ लोकांसमोर पहिल्यांदा २०११ मध्ये आला. त्या काळातील हवेचे प्रतिरूप फारच ढोबळ होते आणि खालची हवा इतकी दाट वागत असे की तिच्यातून उभ्यानेच लवकर बाहेर पडणे फायद्याचे ठरे. एप्रिल २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली आणि वायुगतिकी पूर्णपणे नव्याने बसवण्यात आली. तेव्हापासून रॉकेटचा आकार, नाकाची टोपी आणि वाऱ्याशी होणारा कोन या सर्वांचा खराखुरा परिणाम होतो. जुने लेख आणि व्हिडिओ मात्र तसेच राहिले, आणि नवे खेळाडू आजही तोच सल्ला पाळून रॉकेट उलटवतात.

१० किमीवर आपण शेकडो मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ वर जात असता. तेथे एकदम ४५ अंश वळणे म्हणजे रॉकेटची कूस वाऱ्याला देणे. टाक्या रिकाम्या होत असताना गुरुत्वमध्य सरकतो, हवेचा दाब पुढच्या भागावर अधिक पडतो आणि रॉकेट शेपूट पुढे करू पाहते. म्हणून दाट हवेत नाक प्रवासाच्या दिशेपासून पाच अंशांपेक्षा फारसे दूर नेऊ नये. तळाशी पंख लावावेत. इंजिनाची निवडही महत्त्वाची आहे: स्विव्हलचा झोत थोडा वळू शकतो, रिलायंटचा वळत नाही.

माझी पद्धत अशी आहे. वेग ६० ते १०० मीटर प्रतिसेकंद झाला की पूर्वेकडे, म्हणजे नॅव्हबॉलवरील (रॉकेटची दिशा दाखवणाऱ्या गोलावरील) ९० च्या रेषेकडे, सुमारे पाच अंश कलायचे. त्यानंतर प्रवासाची दिशा दाखवणारे हिरवट-पिवळे चिन्ह आपोआप खाली सरकू लागते, कारण गुरुत्वच मार्ग वाकवत असते. आपण नाक त्या चिन्हावर ठेवायचे, बस. १० ते १५ किमीच्या दरम्यान रॉकेट ४५ अंशांवर यावे आणि ४० किमीच्या पुढे जवळजवळ आडवे व्हावे. ॲपोॲप्सिस ८० किमी दिसला की ‘एक्स’ कळ दाबून इंजिन बंद करायचे.

चढताना उंचीच्या आकड्यापेक्षा ‘ॲपोॲप्सिसला किती वेळ उरला आहे’ हा आकडा पाहावा. तो झपाट्याने वाढत असेल तर आपण फार उभे जात आहोत, घटत असेल तर फार लवकर आडवे झालो आहोत. एक मिनिटाच्या आत-बाहेर तो रेंगाळत असेल तर चढाई ठीक चालली आहे असे समजावे. एकाच आकड्यावर लक्ष ठेवायचे असेल, तर तो हाच ठेवावा.

दुधनाकाठ (जालना)

एक पुरवणी. पूर्वेकडेच का, हे अनेकजण विचारत नाहीत. खेळातील उड्डाणतळ विषुववृत्तावर आहे आणि कर्बिनच्या फिरण्यामुळे रॉकेट उभे असतानाच त्याला पूर्वेकडे सुमारे १७५ मीटर प्रतिसेकंद वेग असतो. पश्चिमेकडे उडवले तर हा वेग आधी खोडावा लागतो, म्हणजे एकूण फरक ३५० चा पडतो. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर असण्यामागेही हेच गणित आहे: समोर बंगालचा उपसागर मोकळा असतो आणि पृथ्वीच्या फिरण्यातून साधारण ४५० मीटर प्रतिसेकंद वेग विनामूल्य मिळतो.

अध्यापिका_कयाधू (हिंगोली)

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून बालाघाट दादांच्या सूचनेवर थोडे लिहावेसे वाटते. स्वयंचलित यंत्रणा वाईट आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही, प्रत्यक्षातील प्रत्येक प्रक्षेपण संगणकच करतो. परंतु शिकणाऱ्याने ती पहिल्या कक्षेआधी वापरू नये. पेरिॲप्सिस जमिनीखालून हळूहळू वर येताना विद्यार्थी जेव्हा स्वतः इंजिन धरून बसलेला असतो, तेव्हा वेग आणि मार्ग यांचा संबंध त्याला ज्या प्रकारे कळतो, तसा पाहून कळत नाही. आमच्या वर्गातील मुले सूत्र पाठ करतात, परंतु इंजिन चालू असताना या बाजूला केलेला बदल कक्षेच्या विरुद्ध टोकाला का दिसतो, हे त्यांना पडद्यावर स्वतः केल्यावरच उमगते.

या प्रश्नाशी अगदी जवळचे एक खरे उदाहरण आहे. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या लहान प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण झाले. तिन्ही घन इंधनाचे टप्पे चालले. उपग्रह ३५६ किमीच्या वर्तुळाकार कक्षेत जायचे होते, ते ३५६ गुणिले ७६ किमीच्या लंबवर्तुळात गेले. वरचे टोक अगदी बरोबर होते, खालचे टोक मात्र वातावरणात राहिले आणि उपग्रह टिकू शकले नाहीत. दुसरा टप्पा वेगळा होताना आलेल्या कंपनांमुळे त्वरणमापकांचे वाचन क्षणभर बिघडले, संगणकाने संवेदक निकामी झाले असे मानले आणि शेवटचा वेग देणारा लहान द्रव टप्पा अपेक्षेप्रमाणे जळला नाही. त्या उड्डाणात देशातील ७५ शाळांमधील ७५० मुलींनी घडवलेला आझादीसॅटही होता. पुढे १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले आणि आझादीसॅट-२ कक्षेत पोहोचला. शून्यभार, आपल्या नकाशात जे दिसते आहे, त्याचेच हे प्रत्यक्षातील रूप आहे: उंची मिळाली, वर्तुळ पूर्ण करणारा वेग मिळाला नाही.

बालाघाट (बीड)

ताई, आपला मुद्दा पटला, विशेषतः विरुद्ध टोकाबद्दलचा. तरीही ज्यांना दिवसभराच्या कामानंतर जेमतेम तासभर मिळतो, त्यांनी एकदा स्वयंचलित उड्डाण पाहिले तर त्यांचा हुरूप टिकतो, असे माझे मत कायम आहे. शून्यभार यांना मात्र हाताने करण्याची जिद्द दिसते, तेव्हा त्यांनी तसेच करावे.

मांजराकाठ (लातूर)

अध्यापिका ताईंच्या उदाहरणात एक बारकावा आहे. खेळात ७६ किमीचा पेरिॲप्सिस पूर्णपणे सुरक्षित ठरला असता, कारण तेथे ७० किमीला हवा एका रेषेवर संपते आणि त्यावरची कक्षा कायम टिकते. खऱ्या वातावरणाला अशी रेषा नाही, ते विरळ होत जाते. ४०० किमीच्या आसपास फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकालाही अधूनमधून वर ढकलावे लागते.

पूर्णाथडी (नांदेड)

मोबाइलवर खेळणाऱ्यांसाठी ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ हा द्विमितीय खेळ आहे, तत्त्व तेच शिकता येते. खऱ्या आकाराच्या पृथ्वीवरून उडायचे असेल तर ‘ऑर्बिटर’ विनामूल्य मिळतो, परंतु तो पहिल्या पायरीवर घेऊ नये. आणि कर्बल घ्यायचा असेल तर पहिलाच भाग घ्यावा. दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अपूर्ण स्वरूपात आला आणि तो पूर्णत्वास गेला नाही.

धाराशिवकर (धाराशिव)

उड्डाणापूर्वी आणि चढाई संपल्यावर ‘एफ५’ दाबून नोंद जतन करावी, ‘एफ९’ दाबून धरल्यास तेथूनच पुन्हा सुरू करता येते. आमच्याकडे भारनियमनाच्या वेळा पाळूनही वीज मधूनच जाते, म्हणून ही सवय फार उपयोगी पडते. जुन्या लॅपटॉपवर वरच्या कोपऱ्यातील घड्याळ पिवळे झाले तर संगणकाला गणित झेपत नाही असे समजावे आणि रॉकेटचे भाग कमी करावेत. या दृष्टीनेही मांजराकाठ यांचे छोटे रॉकेट उत्तम आहे.

आणि हो, रॉकेट उलटले तरी खेळातील वैमानिक जेबेडायाचे हसू काही जात नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता नॅव्हबॉलकडेच पाहावे.

शून्यभार (परभणी)

मनूव्हर नोड माझ्याकडे अजून नाही, कारण इमारती सुधारलेल्या नाहीत. ॲपोॲप्सिस ८० किमीवर आणून इंजिन बंद केल्यावर पुढे नोडशिवाय काय करावे, एवढे कोणी सांगाल का?

गोदातीर (नांदेड)

अवश्य. वातावरणाबाहेर पडेपर्यंत थांबा, तोवर हवेमुळे ॲपोॲप्सिस किंचित खाली येईल, तो थोडा जोर देऊन परत ८० वर आणा. चढाई बरी झाली असेल तर उरलेली गरज बरीच कमी असते, परंतु ती ८०० मीटर प्रतिसेकंद असली तरी टेरियरला पाऊण मिनिटाच्या आसपासच वेळ लागेल. म्हणून ॲपोॲप्सिसच्या वीस-पंचवीस सेकंद आधी नाक क्षितिजाच्या रेषेवर, पूर्वेकडे ठेवून इंजिन पूर्ण जोरात सुरू करा. ‘एम’ दाबून नकाशा उघडा आणि पेरिॲप्सिसवर लक्ष ठेवा. ॲपोॲप्सिस आपल्या मागे पडू लागला तर नाक क्षितिजाच्या थोडे वर घ्या, तो फार पुढे पळू लागला तर थोडे खाली. शेवटी पेरिॲप्सिस अतिशय वेगाने वर येतो, तेथे जोर कमी करा आणि तो ७० च्या वर गेला की थांबा. वर्तुळ अगदी अचूक होण्याचा आग्रह पहिल्या वेळी धरू नका.

शून्यभार (परभणी)

कक्षा मिळाली. ॲपोॲप्सिस ८४ किमी, पेरिॲप्सिस ७३ किमी. टाक्या वाढवल्या नाहीत, उलट कमी झाल्या. पाच अंशांचे कलणे केल्यावर रॉकेट खरोखरच स्वतः वाकत गेले आणि एकदाही उलटले नाही. शेवटच्या टप्प्यात पेरिॲप्सिस जमिनीतून बाहेर येऊन ग्रहाच्या पलीकडील बाजूला वर चढत गेला, ते पाहताना अध्यापिका ताईंचे वाक्य पटले. कर्बिनची एक प्रदक्षिणा साधारण ३१ मिनिटांत पूर्ण होते, हेही प्रत्यक्ष पाहिले.

आता वरच्या टाकीत काही इंधन उरले आहे. ते मुनपर्यंत, म्हणजे कर्बिनच्या चंद्रापर्यंत, पुरेल का, की आधी परत यावे? परत येण्यासाठी किती इंधन राखावे?

मांजराकाठ (लातूर)

मनःपूर्वक अभिनंदन! आधी परत या. ८० किमीच्या कक्षेतून मुनकडे जाण्यासाठीच सुमारे ८६० मीटर प्रतिसेकंद लागतात आणि या रॉकेटची शिल्लक तेवढी भरवशाची नाही. त्या प्रवासासाठी खालच्या टप्प्यात एक टाकी वाढवून आणि बल-वजन गुणोत्तर पुन्हा तपासून नवे रॉकेट बांधा.

देवगिरी_निरीक्षक (छत्रपती संभाजीनगर)

अभिनंदन, शून्यभार. परत येणे फारच स्वस्त आहे. ॲपोॲप्सिसजवळ नाक प्रवासाच्या उलट दिशेला करून पेरिॲप्सिस ३० किमीच्या आसपास आणा, त्यासाठी ५० मीटर प्रतिसेकंदही लागत नाहीत, कारण उरलेले सर्व काम हवा करते. वातावरणात शिरण्यापूर्वी इंजिनाचा टप्पा सोडून द्या आणि कॅप्सूलची रुंद बाजू पुढे ठेवा. पुढच्या रॉकेटला उष्णतारोधक कवच अवश्य जोडा. पॅराशूटचे चिन्ह तांबडे असेपर्यंत ते उघडू नका, वेग पुरेसा उतरून रंग बदलला की मगच स्पेस बार दाबा. ज्यांचे इंधन पेरिॲप्सिस ६० किमीवर असतानाच संपले, त्यांनीही घाबरू नये, प्रत्येक फेरीत हवा थोडा वेग काढून घेते आणि काही प्रदक्षिणांनंतर कॅप्सूल आपोआप खाली येते. इंधन संपताना पेरिॲप्सिस ७० च्या वर राहिला, तर मात्र दुसरे रॉकेट पाठवावे लागते, म्हणून टाकीच्या तळाशी नेहमी थोडे इंधन राखून ठेवावे.